दारिद्र्याचे मोजमाप आणि संशोधन संस्थांचे स्वातंत्र्य : दांडेकर-रथ यांच्या अभ्यासाचे पुनर्मूल्यांकन

प्रस्तावना

दारिद्र्य निर्मूलनाची चर्चा होते तेव्हा शासकीय योजना, अंदाजपत्रकातील तरतुदी, बँकांची कर्जे आणि स्वयंसेवी संस्थांचे कार्य यांचाच विचार प्रामुख्याने केला जातो. संशोधन संस्थांचा उल्लेख झाला तर तो आकड्यांचा आधार म्हणून होतो आणि तेथेच संपतो. संशोधनाने कोणाचे पोट भरत नाही, असा एक समज त्यामागे असतो. तो समज अगदीच निराधार नाही. कोणत्याही संशोधन संस्थेने गरिबांना थेट काम, जमीन किंवा धान्य दिलेले नाही. तरीही स्वतंत्र भारतात दारिद्र्याच्या प्रश्नाला जे सार्वजनिक रूप आले, त्यात काही स्वतंत्र संशोधन संस्थांचा वाटा मोठा आहे. हा वाटा नेमका कोणता, आणि ‘स्वतंत्र’ या शब्दाचा या संदर्भात अर्थ काय, या दोन प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

त्यासाठी पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतील वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांचा ‘पॉव्हर्टी इन इंडिया’ हा अभ्यास निवडला आहे. जानेवारी १९७१ मध्ये तो ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’च्या दोन लागोपाठच्या अंकांत प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी इंडियन स्कूल ऑफ पोलिटिकल इकॉनॉमीने तो पुस्तकरूपाने काढला. अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत दारिद्र्याच्या प्रकरणात या अभ्यासाचा उल्लेख हमखास सापडतो. मात्र तो बहुधा एका ओळीत आटोपलेला असतो : ‘दांडेकर व रथ यांच्या मते दररोज २२५० उष्मांक’. विद्यार्थी ही ओळ पाठ करतात आणि परीक्षेत लिहितात. या ओळीमागचा युक्तिवाद, त्यातील उणिवा आणि त्यावर झालेला वाद मात्र वर्गात क्वचितच पोहोचतो. या अभ्यासाचे खरे मोल त्या वादात आहे.

संस्थेची जडणघडण

रावबहादूर आर. आर. काळे यांनी सर्व्हंट्स ऑफ इंडिया सोसायटीला दिलेल्या देणगीतून १९३० साली गोखले संस्था स्थापन झाली. धनंजयराव गाडगीळ हे तिचे पहिले संचालक. १९६६ पर्यंत त्यांनी ती जबाबदारी सांभाळली. संस्थेच्या सुरुवातीच्या कामाचे स्वरूप पाहिले तर एक गोष्ट ठळकपणे जाणवते. देशाच्या अर्थव्यवस्थेविषयी मोठी विधाने करण्याआधी संस्थेने जवळचा मुलूख मोजला. वाई तालुक्यातील शेतीव्यवसायाची पाहणी १९४० मध्ये प्रसिद्ध झाली. पुणे शहराच्या सामाजिक-आर्थिक पाहणीचे दोन भाग १९४५ व १९५२ मध्ये निघाले. कोल्हापूर आणि सोलापूर या शहरांचेही असेच अभ्यास झाले. कुटुंबात माणसे किती, कमावती किती, काम कोणते, मजुरी किती, घर कसले, असे साधे प्रश्न घेऊन अन्वेषक घरोघर फिरले.

या परंपरेचा राष्ट्रीय आकडेवारीशी संबंध लवकरच आला. राष्ट्रीय नमुना पाहणी १९५० साली सुरू झाली. तिचे शास्त्रीय काम प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटकडे होते आणि हीसुद्धा १९३१ साली कोलकात्यात स्थापन झालेली एक स्वतंत्र संस्थाच होती. पहिल्या फेरीतील काही अनुसूची ‘पुणे अनुसूची’ म्हणून ओळखल्या जातात. त्यांवरील दांडेकर यांचा अहवाल गोखले संस्थेने १९५३ मध्ये प्रसिद्ध केला. म्हणजे ज्या पाहणीच्या आकड्यांवर पुढे ‘पॉव्हर्टी इन इंडिया’ उभा राहिला, ती पाहणी अगदी बाल्यावस्थेत असताना दांडेकरांनी आतून तपासलेली होती. दांडेकरांचे मूळ शिक्षण संख्याशास्त्राचे होते, हेही येथे लक्षात घेतले पाहिजे. आकडे कसे तयार होतात हे ठाऊक असणारा माणूसच त्यांच्यावर किती भार टाकता येईल हे सांगू शकतो.

१९७१ चा अभ्यास : मांडणी

या अभ्यासापूर्वी दारिद्र्यरेषा अस्तित्वात नव्हती असे नाही. १९६२ साली नियोजन आयोगाच्या प्रेरणेने एका कार्यगटाने किमान जीवनमानासाठी १९६०-६१ च्या किमतींनुसार दरमहा दरडोई २० रुपये, आणि शहरांसाठी २५ रुपये, ही पातळी सुचवली होती. शिक्षण व आरोग्य यांचा खर्च शासन करील असे त्यात गृहीत धरले होते. या गटात स्वतः गाडगीळही होते. परंतु हे वीस रुपये कसे काढले याचा तपशीलवार हिशेब लोकांपुढे आला नाही. ज्या आकड्याचा हिशेब उपलब्ध नाही, तो मान्य करता येतो किंवा अमान्य करता येतो. तो तपासता येत नाही.

दांडेकर आणि रथ यांनी हिशेब मांडला. त्यांची पद्धत थोडक्यात अशी होती. माणसाला दररोज सरासरी २२५० उष्मांकांचा आहार मिळावा हा निकष घ्यायचा. नमुना पाहणीच्या कोष्टकांतून कोणत्या खर्चगटातील कुटुंबांना प्रत्यक्षात एवढे उष्मांक मिळतात ते शोधायचे. त्या गटाचा एकूण खर्च, म्हणजे अन्नाबरोबर कपडे, सरपण, औषधपाणी इत्यादींवरील खर्चही धरून, ही किमान पातळी मानायची. या पद्धतीने १९६०-६१ साली ग्रामीण भागासाठी दरमहा दरडोई सुमारे १४ ते १५ रुपये आणि शहरांसाठी सुमारे साडेबावीस रुपये अशी पातळी आली. त्या वर्षी ग्रामीण लोकसंख्येपैकी सुमारे ४० टक्के व शहरी लोकसंख्येपैकी सुमारे ५० टक्के लोक या पातळीखाली होते.

यापुढचा निष्कर्ष अधिक अस्वस्थ करणारा होता. साठच्या दशकात दरडोई उपभोग खर्च वर्षाला अर्ध्या टक्क्यापेक्षाही कमी वेगाने वाढला होता आणि ही अल्प वाढही वरच्या थरांकडे झुकली होती. खेड्यांतील तळाच्या २० टक्के लोकांची स्थिती जवळजवळ जागच्या जागी राहिली होती. शहरांतील तळाच्या २० टक्क्यांची स्थिती निश्चितपणे खालावली होती आणि त्यांच्या वरच्या आणखी २० टक्क्यांची स्थिती सुधारली नव्हती. दोन दशकांच्या नियोजनानंतर विकासाचा लाभ आपोआप खाली झिरपत नाही, हे सरकारी पाहणीच्याच आकड्यांतून सिद्ध झाले होते.

या निष्कर्षाच्या जोडीला लेखकांनी उपायही सुचवला. ग्रामीण भागात काम मागणाऱ्या प्रत्येकाला किमान मजुरीवर काम मिळेल अशी मोठ्या प्रमाणावरील सार्वजनिक कामे काढावीत आणि त्यासाठी लागणारा पैसा समाजातील वरच्या थरांच्या उपभोगाला कात्री लावून उभा करावा, असा तो उपाय होता.

स्वातंत्र्याची कसोटी

या अभ्यासाला फोर्ड फाऊंडेशनचे अर्थसाहाय्य होते. परदेशी पैशावर झालेला अभ्यास स्वतंत्र कसा मानायचा, असा आक्षेप सहज घेता येतो आणि तो गंभीरपणे विचारात घेतला पाहिजे. परंतु केवळ पैसा कोठून आला यावरून स्वातंत्र्य ठरवायचे झाले तर जगातील बहुतेक संशोधन संस्था बाद ठरतील. शासकीय अनुदानावरील संस्था शासनाच्या मिंध्या, देणगीवरच्या देणगीदारांच्या आणि शुल्कावरच्या ग्राहकांच्या, असे म्हणावे लागेल. अधिक उपयोगी कसोटी अशी : ज्यांच्याकडे सत्ता, पैसा किंवा लोकमत आहे, त्यांना न आवडणारा निष्कर्ष संस्थेने काढला काय? आणि काढला असल्यास तो इतरांना खोडता येईल अशा रीतीने मांडला काय?

या कसोटीचा पहिला भाग दांडेकर-रथ यांनी निर्विवादपणे पार केला. हा अभ्यास प्रसिद्ध झाला तेव्हा नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष गाडगीळ होते. ज्या संस्थेला त्यांनी छत्तीस वर्षे वाढवले, तिच्याच संचालकाने नियोजनाच्या फलिताचे असे कठोर मूल्यमापन केले. दुसऱ्या बाजूला, दारिद्र्यावरचा त्या काळातील सर्वांत लोकप्रिय उपाय म्हणजे जमिनीचे फेरवाटप. लेखकांनी तोही नाकारला. वाटपाला मिळू शकणारी जमीन मर्यादित आहे, लहानशा तुकड्यावर कुटुंब जगू शकत नाही आणि न परवडणाऱ्या शेतीला माणसे बांधून ठेवण्याने दारिद्र्य लांबते, असा त्यांचा युक्तिवाद होता. त्यामुळे डाव्या विचारांचे अभ्यासक नाराज झाले. श्रीमंतांच्या उपभोगावर कात्री सुचवल्याने उजव्या बाजूलाही तो रुचण्यासारखा नव्हता. दोनच महिन्यांनी, मार्च १९७१ मध्ये, ‘गरिबी हटाओ’च्या घोषणेवर लोकसभेची निवडणूक लढवली गेली. घोषणेला लोकांनी उचलून धरले. श्रीमंतांच्या खर्चाला कात्री लावण्याचा हिशेब मात्र कोणत्याच पक्षाने उचलला नाही.

जमिनीविषयीचे त्यांचे मत सर्वस्वी ग्राह्य धरता येत नाही, हेही नमूद केले पाहिजे. जमीन हे केवळ उत्पन्नाचे साधन नसते. खेड्यात ती पत असते, प्रतिष्ठा असते आणि मजुरीचा दर ठरवताना मालकापुढे उभे राहण्याचे बळही असते. ज्याच्याकडे अर्धा एकर आहे तो मजूर एखादा दिवस कामाला नाही म्हणू शकतो. उपभोग खर्चाच्या कोष्टकांत हे बळ दिसत नाही. लेखकांनी प्रश्न उत्पन्नाचा मानला आणि सत्तासंबंधांचा भाग बाजूला ठेवला. मोजता येते त्यालाच महत्त्व मिळण्याचा धोका संशोधनात नेहमीच असतो. येथे तो स्पष्ट दिसतो.

सुखात्मे यांचा आक्षेप

कसोटीचा दुसरा भाग, म्हणजे खोडता येण्याजोगी मांडणी, पुढील दहा वर्षांत सिद्ध झाला. हा आक्षेपही पुण्यातूनच आला. पां. वा. सुखात्मे हे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेतील संख्याशास्त्र विभागाचे संचालक होते. निवृत्तीनंतर ते पुण्यात महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीत काम करू लागले. ही संस्थाही १९४६ साली स्थापन झालेली, शासनाबाहेरची संशोधन संस्था होती.

सुखात्मे यांचा मुद्दा संख्याशास्त्रीय होता. २२५० उष्मांक ही सरासरी गरज आहे. सरासरीचा अर्थच असा की निरोगी लोकांपैकी कित्येकांची गरज तिच्याहून कमी असते. शिवाय एकाच माणसाची गरज व आहारही दिवसागणिक बदलत असतो आणि शरीर काही मर्यादेत त्याच्याशी जुळवून घेते. अशा स्थितीत सरासरीहून कमी खाणारा प्रत्येक माणूस कुपोषित मानला तर कुपोषितांची संख्या अवास्तव फुगते. सरासरीपेक्षा बरीच खालची मर्यादा घेतली पाहिजे, असे त्यांचे म्हणणे होते. तसे केले की संख्या बरीच खाली येत होती. स्वच्छ पाणी व स्वच्छतेच्या सोयी नसतील तर खाल्लेले अन्न अंगी लागत नाही, याकडेही त्यांनी सातत्याने लक्ष वेधले.

१९७८ साली सुखात्मे यांनी ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त आपली मांडणी केली आणि १९८१ मध्ये त्याच साप्ताहिकात दांडेकरांनी दारिद्र्याच्या मोजमापावर सविस्तर लिहिले. या वादातील मर्म असे की दारिद्र्य आणि कुपोषण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कमी अन्नाशी शरीर जुळवून घेत असेल तर ते कशाच्या मोबदल्यात, हाही प्रश्न राहतो. कमी खाणारा मजूर कमी श्रम करतो आणि म्हणून कमी मिळवतो. त्याचे शरीर तगले याचा अर्थ त्याची गरज भागली असा होत नाही.

आज मागे वळून पाहता दोन्ही बाजूंना काही प्रमाणात न्याय द्यावा लागतो. खेड्यांसाठी आणि शहरांसाठी एकच उष्मांक-निकष वापरणे ही मूळ अभ्यासातील दुर्बल जागा होती. शहरातील पुष्कळ कामे अंगमेहनतीची नसतात. तेथील लोक तेवढ्याच ऐपतीत कमी उष्मांक घेतात आणि इतर गोष्टींवर अधिक खर्च करतात. त्यांना खेड्यातील मोजपट्टी लावली की शहरी रेषा वर सरकते. शहरी दारिद्र्य ग्रामीण दारिद्र्यापेक्षा अधिक दिसण्यामागे हे एक कारण होते. १९७९ साली यो. के. अलघ यांच्या अध्यक्षतेखालील नियोजन आयोगाच्या अभ्यासगटाने ग्रामीण भागासाठी २४०० आणि शहरी भागासाठी २१०० असे वेगवेगळे निकष स्वीकारले. मात्र उष्मांकावरून खर्चाची रेषा काढण्याचा दांडेकर-रथ यांचा मार्ग त्या गटाने सोडला नाही. पुढे २००९ मध्ये तेंडुलकर समितीने उष्मांकाचा आधारच दूर केला, तोपर्यंत अधिकृत दारिद्र्यरेषा याच मार्गावरून चालत होती.

येथे विचारात घेण्यासारखी गोष्ट म्हणजे वादाची पद्धत. शासनाबाहेरच्या दोन संस्थांतील दोन विद्वानांनी एकमेकांची आकडेमोड तपासली आणि ती छापून लोकांपुढे ठेवली. शासकीय समितीचा अहवाल सादर झाला की समिती विसर्जित होते. आक्षेपाला उत्तर द्यायला कोणी उरत नाही. संस्था मात्र टिकून राहते आणि तिला उत्तर द्यावे लागते.

उपायाची परीक्षा

महाराष्ट्राची रोजगार हमी योजना ही दांडेकर-रथ यांच्या अभ्यासाची निष्पत्ती होय, असे कधी कधी सांगितले जाते. हे श्रेय वाजवीपेक्षा अधिक आहे. योजनेचे खरे प्रवर्तक विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे. १९६९ साली सांगली जिल्ह्यातील तासगाव तालुक्यात तिचा प्रयोग सुरू झाला होता, म्हणजे ‘पॉव्हर्टी इन इंडिया’ प्रसिद्ध होण्याच्या आधीच. १९७२-७३ च्या भीषण दुष्काळात दुष्काळी कामांवर ऐन उन्हाळ्यात सुमारे ५० लाख माणसे होती. त्या अनुभवातून योजनेला राजकीय बळ मिळाले. विधिमंडळाने १९७७ साली कायदा केला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अंमलात आला. शहरी नोकरदार व व्यावसायिकांवरील व्यवसाय कर हा तिच्या निधीचा एक मुख्य आधार होता.

संशोधन संस्थेने मग केले काय? तिने योजनेची परीक्षा केली. दांडेकर आणि माधव साठे यांनी १९८० साली रोजगार हमी व कामासाठी अन्न या कार्यक्रमांचा अभ्यास प्रसिद्ध केला. कुमुदिनी दांडेकर यांनी १९८३ मध्ये ही योजना स्त्रियांना रोजगाराची संधी म्हणून कशी ठरते याचा स्वतंत्र अभ्यास केला. कामावर येणाऱ्यांत स्त्रियांचा वाटा मोठा होता, ही गोष्ट अशा अभ्यासांमुळे ठळक झाली. योजना आखताना जे फारसे कोणाच्या डोळ्यांपुढे नव्हते, ते हजेरीपटाने आणि पाहणीने दाखवून दिले. २००५ साली राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी कायदा झाला तेव्हा त्यात लाभार्थींपैकी किमान एक-तृतीयांश स्त्रिया असाव्यात अशी तरतूद होती. महाराष्ट्राचा अनुभव त्या वेळी उपलब्ध होता, कारण तो कोणीतरी नोंदवून ठेवला होता.

याहूनही महत्त्वाची परीक्षा रथ यांनी १९८५ साली केली. एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रम १९७८-७९ मध्ये सुरू झाला होता आणि १९८० पासून देशातील सर्व गटांत लागू होता. गरीब कुटुंबाला कर्ज व अनुदान देऊन म्हैस, शेळ्या, शिवणयंत्र किंवा बैलगाडी घेऊन द्यायची आणि त्यातून त्याने दारिद्र्यरेषा ओलांडायची, अशी त्यामागील कल्पना होती. उद्दिष्ट पूर्ण झाल्याचे अहवाल येत होते. रथ यांनी निरनिराळ्या मूल्यमापन अहवालांची छाननी केली. चुकीची निवड झालेली कुटुंबे, मेलेली जनावरे, विकून टाकलेली साधने, किंमतवाढ हे सर्व वजा केले. सात वर्षांच्या शेवटी ग्रामीण भागातील गरीब कुटुंबांपैकी जेमतेम ३ टक्के, आणि तेही काही काळच, रेषेच्या वर आलेली असतील, असा त्यांचा निष्कर्ष होता. म्हैस दिली की चारा, पाणी, पशुवैद्य आणि दुधाला गिऱ्हाईक यांचीही व्यवस्था लागते. ती नसेल तर म्हैस गरिबाच्या डोक्यावरचे कर्ज ठरते. म्हणून बहुसंख्य गरिबांसाठी मजुरीचे खात्रीचे काम हाच मार्ग, असे त्यांनी पुन्हा सांगितले. हा कार्यक्रम १९९९ मध्ये दुसऱ्या योजनेत विलीन करण्यात आला.

दारिद्र्य कमी करण्यात स्वतंत्र संस्थेचे योगदान असते ते असे. वाटलेल्या म्हशी मोजून यश ठरवणाऱ्या यंत्रणेला वर्षभराने गोठ्यात काय उरले, हे विचारणारे कोणी नसेल तर चुकीचा उपाय वर्षानुवर्षे चालत राहतो आणि त्याची किंमत गरीबच मोजतो.

मोठी उणीव : गरीब कोण?

‘पॉव्हर्टी इन इंडिया’ची एक उणीव मात्र वादविवादातही पुरेशी पुढे आली नाही. या अभ्यासात गरीब आहेत ते खर्चगट म्हणून. भूमिहीन मजूर, अल्पभूधारक, कारागीर असे त्यांचे आर्थिक वर्ग सांगितले आहेत. परंतु जात, जमात, धर्म या अंगांनी दारिद्र्याची वाटणी कशी आहे, हा प्रश्न लेखकांनी घेतला नाही. त्या वेळच्या आकडेवारीच्या मर्यादा लक्षात घेतल्या तरी हा केवळ आकडेवारीचा प्रश्न नव्हता. दारिद्र्य हा निखळ आर्थिक प्रश्न आहे आणि काम मिळाले की तो सुटेल, ही त्यामागची धारणा होती. एकाच मजुरीच्या दोन कुटुंबांपैकी एकाला बँकेचे कर्ज, भाड्याचे घर किंवा कारखान्यातील नोकरी मिळते आणि दुसऱ्याला मिळत नाही, याचे स्पष्टीकरण या चौकटीत बसत नाही.

ही उणीव किती मोठी होती हे २००६ मध्ये दिसून आले. मार्च २००५ मध्ये नेमलेल्या न्या. राजिंदर सच्चर समितीने राष्ट्रीय नमुना पाहणीच्या २००४-०५ च्या आकड्यांची धर्मनिहाय फोड केली. शहरी मुस्लिमांमधील दारिद्र्याचे प्रमाण ३८.४ टक्के निघाले. शहरांतील अनुसूचित जाती-जमातींच्या प्रमाणापेक्षाही ते किंचित अधिक होते. समितीचे सदस्य-सचिव अबुसालेह शरीफ हे नॅशनल कौन्सिल ऑफ अप्लाईड इकॉनॉमिक रिसर्च या १९५६ साली स्थापन झालेल्या स्वतंत्र संस्थेतील अर्थतज्ज्ञ होते, हा योगायोग मानता येणार नाही. अनेक वर्षे घरोघरच्या पाहण्या केलेल्या संस्थांत तयार झालेले कौशल्य येथे कामी आले. समितीने ज्या शिफारशी केल्या त्यांत राष्ट्रीय माहितीकोष आणि मूल्यमापन व देखरेखीसाठी स्वायत्त प्राधिकरण या दोन शिफारशी होत्या. त्यांवर आरक्षणाच्या चर्चेइतकी चर्चा झाली नाही. वास्तविक पाहता, मोजमाप करणारी यंत्रणा अंमलबजावणी करणाऱ्यांपासून वेगळी असावी, हे तत्त्व त्यांत होते.

आकड्यांवरील परावलंबन

या साऱ्या विवेचनातून एक अडचण समोर येते. गोखले संस्था असो वा इतर कोणती, देशव्यापी दारिद्र्याविषयी बोलताना तिला राष्ट्रीय नमुना पाहणीवर विसंबावे लागते. एवढी मोठी पाहणी करण्याची ऐपत कोणत्याही खासगी संस्थेत नाही. संस्थेचे मत स्वतंत्र असते, पण तिचे आकडे शासनाचे असतात.

हे आकडे खुले असतात तेव्हा व्यवस्था चांगली चालते. १९९९-२००० च्या फेरीत घरखर्चाविषयी विचारण्याच्या कालावधीत बदल झाला होता. त्यावर आधारित २६.१ टक्के या अधिकृत दारिद्र्यप्रमाणाची १९९३-९४ च्या ३६ टक्क्यांशी तुलना करता येईल काय, यावर मोठा वाद झाला. कुटुंबनिहाय मूळ आकडेवारी अभ्यासकांना उपलब्ध होती म्हणून अँगस डीटन, ज्याँ द्रेझ, के. सुंदरम, सुरेश तेंडुलकर आदींनी आपापल्या पद्धतीने फेरगणना केली. त्यांचे निष्कर्ष सारखे नव्हते. पण वाद पुराव्यावर झाला.

आकडे बंद झाले की काय होते, हेही पुढे पाहायला मिळाले. २०१७-१८ च्या उपभोग खर्च पाहणीचे निष्कर्ष प्रसिद्ध करणार नसल्याचे शासनाने नोव्हेंबर २०१९ मध्ये जाहीर केले. माहितीच्या दर्जाविषयीच्या शंका हे कारण देण्यात आले. परिणामी २०११-१२ नंतर एकदम २०२२-२३ च्या पाहणीचे आकडे हाती आले. त्यांचा गोषवारा फेब्रुवारी २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. मधल्या अकरा वर्षांत दारिद्र्य किती घटले याविषयी परस्परांपासून फार दूर असलेले अंदाज मांडले गेले आणि त्यांपैकी कोणता बरोबर हे ठरवण्याचे साधन कोणाकडेच नव्हते. नव्या पाहणीची पद्धतही बदललेली असल्याने जुन्या आकड्यांशी सरळ तुलना करणे कठीण झाले आहे. दर्जाविषयी शंका असणे गैर नाही. १९५३ सालच्या अहवालाच्या परंपरेत अशा शंकेला जागा होतीच. परंतु शंकास्पद आकडे प्रसिद्ध करून त्यांची तपासणी करणे आणि ते प्रसिद्धच न करणे यांत मोठे अंतर आहे.

समारोप

‘पॉव्हर्टी इन इंडिया’ या अभ्यासातील निकष आज कोणी वापरत नाही. त्यातील जमिनीविषयीचे मत एकांगी होते, शहरी दारिद्र्याचा आकडा वादग्रस्त ठरला आणि गरिबांच्या सामाजिक ओळखीचा प्रश्न त्याने वगळला. असे असूनही हा अभ्यास महत्त्वाचा ठरतो, कारण त्याने हिशेब उघड मांडला. त्यामुळे तो चुकीचा कोठे आहे हे सांगता आले, आणि जे सांगितले गेले त्यातून पुढची समज तयार झाली. स्वातंत्र्य म्हणजे शासनाबाहेर नोंदणी असणे, एवढेच मानले तर ते फार सोपे आहे. आपल्या निष्कर्षाची मोडतोड करण्याची साधने इतरांच्या हाती देण्याची तयारी हा त्याचा अवघड भाग होय.

महाविद्यालयीन अध्यापकांच्या दृष्टीने याचा अर्थ व्यावहारिक आहे. बेळगाव, हैदराबाद, इंदूर किंवा बडोदे येथील एखाद्या वस्तीतील दारिद्र्याचे खरे चित्र राष्ट्रीय पाहणीच्या नमुन्यात उतरत नाही. तिचा नमुना त्यासाठी पुरेसा मोठा नसतो. ते चित्र काढायचे तर वाई आणि कोल्हापूर येथे झाले तसे घरोघर जाऊनच काढावे लागेल. एका प्रभागातील तीनशे कुटुंबे, एक काळजीपूर्वक तयार केलेली प्रश्नावली आणि अर्थशास्त्र व समाजशास्त्राच्या विद्यार्थ्यांचे एक सत्र एवढ्यावर हे काम सुरू होऊ शकते. शिधापत्रिकेत किंवा गरिबांच्या यादीत ज्यांची नावे असायला हवीत त्यांपैकी किती नाहीत, एवढा एकच प्रश्न घेतला तरी त्याचे उत्तर पंचायतीला आणि नगरपालिकेला उपयोगी पडेल. मात्र प्रश्नावली, नमुना निवडण्याची पद्धत आणि न मिळालेली उत्तरे यांचा तपशील अहवालाबरोबरच प्रसिद्ध केला पाहिजे. आकडे संस्थेला गैरसोयीचे निघाले तरी ते छापले पाहिजेत. ‘२२५० उष्मांक’ ही ओळ पाठ करणाऱ्या विद्यार्थ्याला ती कशी काढली जाते हे अशा कामातूनच कळेल, आणि ती कोठे चुकते हेही.